राज्यशास्त्राचा अभ्यास : हेतू व पूर्वतयारी

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे पुढे कोणता विषय घ्यावयाचा, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. वैद्यक, स्थापत्य, वाणिज्य, संगणकविद्या ही नावे उच्चारली असता घरातील वडीलधारी मंडळी समाधानाने मान हालवितात. परंतु महाविद्यालयात जाऊन राज्यशास्त्र शिकण्याचा मनोदय कोणी बोलून दाखविला, तर बहुधा दोन प्रश्न पुढे येतात. पहिला, त्याने पोट भरेल काय? आणि दुसरा, राजकारणासारख्या चिखलात पाय घालावयाचा कशाला? आम्ही हाच विषय घेण्याचे मनात आणिले असल्यामुळे या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे. यास्तव हा विषय का शिकावा आणि त्यासाठी शाळेत असतानाच कोणती तयारी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात यथामति करीत आहो.

प्रथम दुसरा प्रश्न घेऊ. मराठीत ‘राजकारण’ हा शब्द जुना आहे. मराठेशाहीतील पत्रांतून व बखरींतून तो राज्याच्या कारभारासंबंधीची मसलत, बोलणी किंवा कार्य या अर्थाने येतो. आज मात्र ‘त्याने यात राजकारण आणले’ असे कोणी म्हटले, की कपट, गटबाजी व स्वार्थ एवढाच अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. अर्थाची ही घसरण अगदीच निष्कारण झाली, असे म्हणता येणार नाही. तथापि रोग ओंगळ आहे म्हणून वैद्यकशास्त्रही ओंगळ, असे कोणी समजत नाही. राजकारण हा व्यवहार आहे आणि राज्यशास्त्र ही त्या व्यवहाराची चिकित्सा आहे. सत्ता कोणाच्या हाती आहे, ती त्याला कोणत्या अधिकाराने मिळाली, तिला मर्यादा कोणत्या, आणि तिचा दुरुपयोग झाल्यास जाब कोणी व कोठे विचारावयाचा, हे या शास्त्राचे मूळ प्रश्न होत.

हे प्रश्न फार प्राचीन आहेत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने व त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यघटनांची माहिती जमविली होती, असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सच्या घटनेवरील ग्रंथ इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसावरून १८९१ साली पुन्हा प्रकाशात आला. आपल्याकडे कौटिलीय ‘अर्थशास्त्रा’ची हस्तलिखित प्रत १९०५ साली म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांच्या हाती लागली व १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र अशी राज्याची सात अंगे त्यात सांगितली आहेत. मराठीतही रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. तेव्हा हा विषय परकीयांकडून उसना घेतला आहे, ही समजूत चुकीची होय.

परंतु केवळ प्राचीनतेमुळे कोणताही विषय शिकण्यायोग्य ठरत नाही. आम्हांस या विषयाची गोडी लागण्याचे खरे कारण आमच्या नित्याच्या पाहण्यातले आहे, आणि ते म्हणजे शाळेतील बाक. गरिबाच्या मुलालाही या बाकावर बसण्याचा हक्क आहे, असे आज आपण सहज बोलून जातो. हा हक्क कोणी, केव्हा व कसा मिळविला, हे पाहू लागले म्हणजे राज्यशास्त्र काय आहे याचा उलगडा होऊ लागतो.

महात्मा जोतीराव फुले यांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. शेतकऱ्यांनी भरलेल्या करातून सरकारची तिजोरी भरते आणि तिच्यातील शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, असे त्यांनी दाखवून दिले. मागणी न्याय्य होती. पण ती मान्य झाली नाही. पुढे बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. राजाची इच्छा व तिजोरी एकाच हाती असल्यामुळे तेथे हे लवकर घडले.

ब्रिटिश मुलखात मात्र मार्ग निराळा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अत्यंत सौम्य होते. नगरपालिकांनी व जिल्हा मंडळांनी सरकारची पूर्वसंमती घेऊन आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षणाची सक्ती करावी, एवढीच मुभा त्यात मागितली होती. तरीही ‘पैसा कोठून आणावा’, ‘लोकांचीच मागणी नाही’, ‘मुले शाळेत गेली तर शेतावर काम कोण करील’ असे आक्षेप निघाले, आणि मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक बारगळले. आक्षेप घेणारांत इंग्रज अधिकारी होते तसे एतद्देशीय बडे लोकही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९१७ साली कोल्हापुरास शाहू महाराजांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तशी मुभा देणारा कायदा झाला.

स्वातंत्र्यानंतरची हकीकत तर याहून उद्बोधक आहे. संविधानाच्या मसुद्यातील ३६ व्या अनुच्छेदाच्या आरंभी प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, अशा आशयाचे शब्द होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली. हा अनुच्छेद राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्यामुळे त्यात हक्काची भाषा शोभत नाही, असे सांगून पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी ते शब्द वगळण्याची सूचना केली व ती मान्य झाली. दुसऱ्या एका सभासदाने शिक्षणाची हमी प्राथमिक शिक्षणापुरतीच मर्यादित ठेवण्याची सूचना आणली. तिला मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विरोध केला. चौदा वर्षांखालील बालकास कामावर ठेवण्यास संविधान मनाई करीत असेल, तर त्या वयापर्यंत त्याची सोय शाळेतच झाली पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. अशा रीतीने वयाची मर्यादा चौदापर्यंत टिकली, पण ‘हक्क’ हा शब्द गेला. अखेर ४५ व्या अनुच्छेदात राज्याने दहा वर्षांच्या आत ही सोय करण्याचा प्रयत्न करावा, एवढेच उरले. मार्गदर्शक तत्त्वाच्या अंमलासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. १९६० साल आले आणि गेले. काम अपुरेच राहिले.

यानंतर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-क हा अनुच्छेद आला. २००९ साली त्याचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले तर १२८ वर्षे झाली. या काळात किती पिढ्या शाळेच्या दारापर्यंतही न पोहोचता गेल्या, याचा विचार मनात आला म्हणजे कायद्यातील एका शब्दाचे मोल कळते.

राज्यशास्त्र शिकण्याचे आमचे पहिले कारण हेच आहे. चांगली इच्छा पुष्कळांच्या मनात असते. परंतु तिचा हक्क कसा बनतो आणि मार्गात ती कोठे व कशी अडते, हे जाणणारे थोडे असतात. हे ज्ञान ज्यांना आहे ते राज्य चालवितात, व ज्यांना नाही ते अर्ज घेऊन कचेरीच्या पायरीवर बसतात. ही दरी कमी व्हावयाची असेल, तर पायरीवर बसणारांच्या मुलांनी हा विषय शिकला पाहिजे.

दुसरे कारण आपल्या वयाशी निगडित आहे. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. आज दहावीच्या वर्गात बसलेला विद्यार्थी दोन-तीन वर्षांतच मतदार होणार. मत देणे सोपे आहे, पण मतदार होणे सोपे नसते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदारांच्या याद्या तयार झाल्या. त्या वेळी पुष्कळ स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढीच नोंद करू दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही, आणि सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कायद्याने दिलेला अधिकार आणि समाजाने घातलेले बंधन यांची गाठ कशी पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. डॉ. आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात हाच इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ राहिली तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असे त्यांनी बजाविले होते.

आता तयारीकडे वळू. विद्यापीठात गेल्यावर शिकू, असे म्हणून स्वस्थ बसणे आम्हांस योग्य वाटत नाही. या विषयाची पूर्वतयारी शाळेतच होऊ शकते व तिला खर्चही फारसा लागत नाही.

पहिली तयारी वाचनाची. पुस्तके पुष्कळ वाचण्यापेक्षा थोडी पण बारकाईने वाचावी. ‘भारताचे संविधान’ मराठीत उपलब्ध आहे. त्यातील उद्देशिका, मूलभूत हक्क व मार्गदर्शक तत्त्वे एवढा भाग प्रथम घ्यावा, आणि प्रत्येक अनुच्छेदात राज्यावर बंधन कोणते व नागरिकास अधिकार कोणता, हे वहीत दोन रकान्यांत लिहून काढावे. मग एखादाच अनुच्छेद निवडून त्यावर संविधान सभेत काय बोलले गेले ते पाहावे. त्या चर्चांचे बारा खंड संसदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. इंग्रजी जड वाटले तरी शब्दकोश जवळ घेऊन दिवसाकाठी एक पान वाचणे कोणासही अशक्य नाही. संज्ञांसाठी मराठी विश्वकोश उत्तम आहे. राज्य, राष्ट्र, शासन व देश हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, परंतु शास्त्रात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. शासन बदलले तरी राज्य कायम राहते. तेव्हा शासनावर केलेली टीका म्हणजे राज्याचा द्रोह नव्हे, एवढी एक गोष्ट उमगली तरी वर्तमानपत्रातील अर्धे वाद निवळतात.

दुसरी तयारी आकड्यांची. गणितातून सुटका व्हावी म्हणून राज्यशास्त्र घेणारांनी गोखल्यांचे चरित्र अवश्य वाचावे. गोखले हे स्वतः गणिताचे शिक्षक होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल व आकडे तपासण्याचे कष्टाचे काम अनेक वर्षे केले. १८९७ साली इंग्लंडात वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९०२ साली वरिष्ठ विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना, तिजोरीतील शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीची खूण नसून कराच्या ओझ्याची खूण आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. आपणही आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकापासून आरंभ करावा. पाण्यावर किती, रस्त्यावर किती, शाळेवर किती, आणि गेल्या वर्षी मंजूर झालेल्या रकमेपैकी खर्च किती, हे पाहावे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने असे कागद मागण्याचा अधिकार नागरिकास आहे. केंद्राच्या व महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जाचे शुल्क अवघे दहा रुपये असून सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

तिसरी तयारी प्रत्यक्ष अवलोकनाची. आपल्याकडे बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या सुमारास ग्रामसभा भरतात. वडीलधाऱ्या माणसांबरोबर जाऊन, सरपंचांची परवानगी घेऊन, मागे बसून ऐकावे. कोण बोलतो, कोण गप्प राहतो, ठराव वाचून दाखविला जातो की नुसत्या सह्या घेतल्या जातात, याची टिपणे करावी. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, व महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. आपल्या गावची महिला सदस्य स्वतः बोलते, की तिच्या वतीने दुसरेच कोणी उत्तर देतो? शहरात राहणाऱ्यांनी आपल्या प्रभागात पाहावे. शिक्षणहक्काच्या कायद्याने अनुदानित शाळांतही व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात पालकांचा भरणा अधिक असावा व निम्म्या जागी स्त्रिया असाव्या, असा दंडक आहे. त्या सभांस किती पालक येतात, हे विचारण्यास तर शाळेच्या आवाराबाहेरही जावयास नको.

चौथी तयारी वादविवादाची, आणि आमच्या मते ही सर्वांत कठीण होय. शाळेच्या वक्तृत्वसभेत टाळ्या मिळविणे निराळे आणि प्रतिपक्षाचे म्हणणे नीट समजून घेणे निराळे. यासाठी आम्ही एक नियम ठरविला आहे. ज्या मताचा विरोध करावयाचा, ते मत प्रथम आपल्या शब्दांत असे मांडावे, की ते मानणाऱ्यानेही ‘हो, माझे म्हणणे हेच’ असे म्हणावे. उदाहरणार्थ, गोखल्यांच्या विधेयकाविरुद्ध मत देणारांची बाजू लिहून पाहावी. पैशाचा प्रश्न खोटा नव्हता. मुलाच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या घरावर सक्ती केल्यास काय होईल, ही शंकाही पोकळ नव्हती. ती बाजू प्रामाणिकपणे लिहिल्यावरच त्या शंकेला खरे उत्तर सापडते. शाळेबरोबर मुलाच्या जेवणाची, पुस्तकांची व घरच्या मिळकतीची सोय पाहिली पाहिजे, हे ते उत्तर होय. नुसत्या निषेधाने ते हाती लागले नसते.

वर्तमानपत्रे वाचतानाही हाच नियम उपयोगी पडतो. निदान दोन भिन्न मतांची पत्रे वाचावी. बातमी कोणती व मत कोणते ते वेगळे करावे. आणि भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर मूळ ठिकाणी पाहिल्यावाचून पुढे धाडू नये. ज्याला राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणवून घ्यावयाचे आहे, त्याने ऐकीव गोष्टीला पुरावा समजणे शोभत नाही.

आता पोटाचा प्रश्न. हा प्रश्न विचारणारे आई-वडील आपले शत्रू नव्हेत. कष्टाचा पैसा फीसाठी काढून देताना त्यांनी तो विचारणे रास्तच आहे. त्यांना उत्तर खरे द्यावे. पदवी मिळताच नोकरी दारात उभी राहते, असे या विषयाचे नाही. स्पर्धा परीक्षांस बसणारे फार आणि निवडले जाणारे थोडे, हेही लपवू नये. परंतु कायदा, पत्रकारिता, अध्यापन, संशोधन, शासकीय सेवा व स्थानिक संस्थांचे काम यांना या अभ्यासाचा पाया उपयोगी पडतो. लिहिणे, वाचणे, आकडे तपासणे व मुद्देसूद बोलणे ही कौशल्ये तर कोठेही वाया जात नाहीत. विद्यापीठात राजकीय विचार, भारतीय शासन, लोकप्रशासन, तुलनात्मक राजकारण व आंतरराष्ट्रीय संबंध ही मुख्य अंगे शिकविली जातात. त्यांच्या जोडीला अर्थशास्त्र किंवा इतिहास घेतल्यास पाया रुंद होतो. डॉ. आंबेडकर यांनी १९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली, ती अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांतच. पुण्यात १९३० साली गोखल्यांच्या नावे स्थापन झालेल्या संस्थेच्या नावातही हे दोन्ही विषय एकत्र आहेत. प्रवेशाचे नियम निरनिराळे आहेत. बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सामायिक प्रवेश परीक्षा आहे, इतरत्र बारावीचे गुण पाहिले जातात. ज्या महाविद्यालयात जावयाचे त्याचे नियम अकरावीतच पाहून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी धावाधाव होत नाही.

शेवटी एक सूचना. या विषयाचे शिक्षण घेतलेल्या सर्वांनी निवडणुकीस उभे राहावे, असे आमचे म्हणणे नाही. पुढे कोणी वकील होईल, कोणी शिक्षिका होईल, कोणी गावीच राहून शेती पाहील. परंतु ग्रामसभेत ठराव वाचला जात असता ‘हा शब्द येथे का घातला?’ किंवा ‘हा शब्द का गाळला?’ असे नम्रपणे पण निर्भयपणे विचारणारे एक माणूस प्रत्येक गावात असेल, तर पुष्कळ अनर्थ जागच्या जागी टळतील. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींपैकी काहींनी तरी तेवढी विद्या संपादन करावी, अशी आमची इच्छा आहे. आगामी सुट्टीत ज्यांना वेळ असेल त्यांनी संविधानाची एक प्रत मिळवून २१-क व ४५ हे दोन अनुच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचावे. २००२ च्या दुरुस्तीनंतर ४५ वा अनुच्छेद सहा वर्षांखालील बालकांविषयी बोलतो. त्यांच्या बाबतीत अद्याप ‘हक्क’ हा शब्द का आला नाही, याचा विचार करावा. अभ्यासाला आरंभ करण्यास एवढा प्रश्न पुरेसा आहे.